मेंदूच्या लहरी : प्रयोगशाळेतून खिशात

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. त्याच साली इंग्लंडातील लिव्हरपूल येथील रिचर्ड कॅटन या वैद्याने सशांच्या व माकडांच्या मेंदूला तारा जोडून, जिवंत मेंदूतून विजेचे क्षीण प्रवाह वाहतात असे जाहीर केले. आपल्या व्याख्यानमालांच्या परंपरेइतकेच वय असलेला हा शोध आज मोबाईलपर्यंत येऊन पोचला आहे. तेव्हा त्याचा इतिहास पाहणे हे केवळ कुतूहलाचे काम राहिलेले नाही.

माणसाच्या मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम टिपला तो जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. त्यांना या कामाकडे ओढणारी गोष्ट मोठी विलक्षण होती. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडून मरता मरता वाचले, आणि त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्यासारखे वाटून घरून विचारपूस करणारी तार आली. एका मनातील गोष्ट दुसऱ्या मनात कशी पोचते, या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. मिळाल्या त्या डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत दर सेकंदाला सुमारे दहा वेळा उठणाऱ्या लहरी. पाच वर्षे थांबून १९२९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. जगाचा विश्वास बसला तो १९३४ नंतर, केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवल्यावर. लगेच १९३५ साली अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी मिरगीच्या एका प्रकारात सेकंदाला तीन या गतीने येणारी ठळक लहर ओळखली. मन वाचायला निघालेले यंत्र अशा रीतीने रोग्याच्या उपयोगी पडले.

या लहरी किती सूक्ष्म, हे ध्यानात घ्यावे. घड्याळात आपण घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलचे तीस हजार भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे डोक्याच्या कातडीवर मिळणारी वीज. ती टिपायची म्हणजे मोठे यंत्र आणि जाणता तंत्रज्ञ हवा. रोग्याने यंत्राकडे जायचे, ही रीत त्यातूनच पडली. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात हा आलेख रेडिओने दूर पाठवून दाखवला खरा, पण पाठीवर ओझे वागवूनच! पुढे २००९ च्या सुमारास चौदा विद्युत्-टोकांची, खेळ खेळण्यासाठी विकली जाणारी शिरपट्टी बाजारात आली. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली ती सामान्य मोबाईलला जोडून, मेंदूचा चालता आलेख त्याच्या पडद्यावर उमटवून दाखवला.

आता हे साधन रोगनिदानास कितपत पुरते? भूतानमध्ये दोनशेहून अधिक लोकांवर त्याची परीक्षा झाली व निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या यंत्राशी ताडून पाहता, मिरगीची खूण नसताना ‘नाही’ असे सांगण्यात ते शंभरात सुमारे पंचाण्णव वेळा बरोबर ठरले. पण खूण असताना ती त्याला दिसली शंभरात अवघी चाळीस वेळा. म्हणजे त्याने ‘आहे’ म्हटले तर लक्ष द्यावे, आणि ‘नाही’ म्हटले तर निर्धास्त होऊ नये.

आपल्या गोंदिया जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न दूरचा नाही. १९९९ साली भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला आणि २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव येथील जंगलातल्या गावाला गोंदियाच लांब, मग नागपूर तर बोलायलाच नको. फिट आलेल्या मुलाच्या नाकाला कांदा वा चप्पल लावणारे हात अजून आपल्यात आहेत. अशा गावी यंत्रच रोग्याकडे गेले, तर त्याचे मोल मोठे आहे. मात्र आलेख वाचणारा डॉक्टर त्याच्या मागे उभा हवा.

परंतु बर्गर यांची ती जुनी तहान, दुसऱ्याचे मन वाचण्याची, अजून शमलेली नाही. तिचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात, इतर पुराव्यांबरोबर, आरोपीच्या मेंदूच्या आलेखाचाही आधार घेऊन जन्मठेप सुनावली. डोक्याला तारा लावून आरोपीला वाक्ये ऐकवायची आणि मेंदूत ‘अनुभवाची आठवण’ जागी झाली की नाही ते यंत्राने ठरवायचे, अशी ती पद्धत होती. जगभरातील शास्त्रज्ञांनी आश्चर्य व्यक्त केले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की अशी चाचणी कोणावरही बळाने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचा राज्यघटनेच्या कलम २० (३) मधील हक्क मेंदूलाही लागू आहे.

न्यायालयातला मेंदू असा सुरक्षित झाला. बाजारातल्या मेंदूचे काय? हौसेने शिरपट्टी घालणाऱ्याचे आलेख कंपनीकडे साठतात. चिली देशाने २०२१ साली मेंदूच्या क्रियेला व तिच्यातून मिळणाऱ्या माहितीला आपल्या राज्यघटनेत संरक्षण दिले, आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका ग्राहकाचा असा साठा पुसून टाकण्याचा हुकूम अशाच एका कंपनीला दिला.

दीडशे वर्षांचा हा इतिहास एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या लहरींनी रोग सांगितला तेव्हा तेव्हा त्या खऱ्या ठरल्या. विचार सांगतात असा दावा झाला तेव्हा तो दावा पुराव्याच्या पुढे धावला. म्हणून उद्या गावच्या आरोग्य केंद्रात कोणी आपल्या मुलाच्या डोक्याला अशी पट्टी बांधील, तेव्हा ती अवश्य बांधू द्यावी, आणि दोन प्रश्न मात्र न संकोचता विचारावेत : हा आलेख वाचणार कोण, आणि वाचून झाल्यावर तो राहणार कोणाजवळ?