पंचेचाळीस फुटांची शिस्त

एखाद्या मसाल्याच्या किंवा साड्यांच्या ब्रँडला आज आठवड्याला पाच-सहा व्हिडिओ लागतात. दर वेळी नवं काही सुचेपर्यंत थांबायला कोणाला वेळ नसतो, म्हणून कामाची एक बांधीव पद्धत हवी, हा विषय जाहिरातवाल्यांच्या बोलण्यात सतत येतो; आणि तो निघतो तेव्हा ही गरज मोबाइलनेच जन्माला घातली असं गृहीत धरलेलं असतं. मुंबईच्या जाहिरातपटांचा इतिहास वेगळं सांगतो. पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी पद्धत या शहरात फिल्मच्या काळातच तयार झाली होती, आणि तिच्यामागे व्यवस्थापनाचा कोणताही सिद्धांत नव्हता. फिल्म महाग होती आणि भाषा अनेक होत्या. या दोन अडचणींनी धंद्याला एक सवय लावली: काय बदलायचं नाही, हे कॅमेरा सुरू होण्याआधी ठरवायचं.

आधी फिल्मचं गणित बघू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे ३० सेकंदांची जाहिरात बरोबर ४५ फुटांची आणि १० सेकंदांची १५ फुटांची. कच्ची फिल्म मुख्यतः परदेशातून येई, आयातीवर निर्बंध होते आणि वाया गेलेला प्रत्येक फूट हिशेबात दिसे. अशा वेळी ‘शूटिंगला गेल्यावर बघू’ हे परवडणारं नव्हतं. स्टोरीबोर्ड म्हणून जी चित्रांची पट्टी काढली जाई, ती या काटकसरीचा नकाशाच होती. कोणतं दृश्य किती सेकंद, शब्द कुठे संपणार, डबा किंवा वडी पडद्यावर कधी येणार, हे कागदावर ठरे आणि क्लायंटची संमतीही तिथेच घेतली जाई. शेवटचा पॅक शॉट, म्हणजे वेष्टनासकट वस्तू दाखवणारं दृश्य, वेगळा घेतला की आणखी सोय होई, कारण वेष्टन बदललं तर तेवढाच तुकडा नव्याने घेऊन जोडता येई. आज ज्याला टेम्प्लेट म्हणतात त्याचं हे जुनं रूप आहे, आणि ते अधिक काटेकोर होतं, कारण इथे चुकीची किंमत लगेच मोजावी लागे.

दुसरी अडचण भाषेची. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने दर आठवड्याची वार्तापत्रं मुंबईतून देशभर पाठवली. चित्र तेच, निवेदन मात्र वेगवेगळ्या भाषांत. जाहिरातपटांनाही हाच मार्ग सोयीचा होता. पात्रांच्या तोंडी लांब संवाद घातले की भाषांतरात ओठ जुळत नाहीत. मुकी कृती, वरून निवेदन आणि गाणं असलं की एकाच निगेटिव्हवर हवी ती भाषा चढवता येते. आपल्याकडच्या जाहिराती इतक्या गाणाऱ्या का, याचं उत्तर भारतीय मनाच्या संगीतप्रेमात शोधायची पद्धत आहे. त्या प्रेमाइतकाच वाटा डबिंगच्या या सोयीचाही आहे, असं मला वाटतं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेल्या विकोचं उदाहरण मराठी वाचकाला सांगावं लागू नये. मुख्य सिनेमाआधी लागणारी ती जाहिरात कित्येक भाषांत गेली. चाल मात्र सगळीकडे ओळखीचीच राहिली. १९८४ मध्ये विकोने ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका प्रायोजित केली आणि तोच परिचय दूरदर्शनवरून घराघरांत पोचला.

चाल हा या पद्धतीतला सर्वांत टिकाऊ भाग ठरला. विविध भारतीवर व्यापारी प्रसारण १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून सुरू झालं, तर दूरदर्शनने जाहिरातींना दार उघडलं ते १ जानेवारी १९७६ रोजी. मधल्या आठ वर्षांत श्रोत्यांच्या कानांत जिंगलची मुळं रुजली होती. निरमाने पुढे हेच केलं: रेडिओवर रुळलेली चाल टीव्हीवर नेली आणि वर्षानुवर्षं तिच्याखालची चित्रं बदलत ठेवली.

यावर पहिला आक्षेप असा, की साचा आला की कला मेली. पुरावा उलटा आहे. श्याम बेनेगलांनी १९५९ मध्ये लिंटास या जाहिरातसंस्थेत कॉपीरायटर म्हणून सुरुवात केली, आणि त्यांच्या नावावरचे जाहिरातपट व प्रायोजित लघुपट ९०० च्या घरात सांगितले जातात. वनराज भाटियांनी हजारो जिंगल रचल्या. ४५ फुटांत गोष्ट सांगायची ही तालीम दुसऱ्या कुठल्या शाळेत मिळाली असती? १९७४ च्या ‘अंकुर’चं दिग्दर्शन बेनेगलांचं, संगीत भाटियांचं आणि पैसा ब्लेझचा, म्हणजे चित्रपटगृहांत जाहिराती पोचवणाऱ्या कंपनीचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तेव्हा एकच दूरदर्शन होतं. प्रेक्षकाला पळायला जागा नव्हती, म्हणून पुनरावृत्ती चालली, यात पद्धतीचं काय कौतुक? यात तथ्य आहे, आणि निरमाच्या यशातून तो वाटा वजा करायला हवा. पण अमूलची मुलगी या हिशेबात बसत नाही. १९६६ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवर शेकडो फलकांच्या गर्दीत उभी राहिली. तिच्याकडे पाहायची सक्ती कोणावर नव्हती. मुलगी, लोणी आणि शब्दांवरची कोटी कायम, विषय मात्र ताजा. हे शक्य झालं ते अमूलच्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हांना प्रत्येक फलक आधी मंजूर करून घेण्याच्या अटीतून मोकळं केलं म्हणून. आजच्या ब्रँडांनी खरं तर इथे थांबून पाहावं. व्हिडिओ बहुधा कॅमेऱ्यासाठी अडत नाही. तो पाच टेबलांवरच्या संमतीसाठी अडतो.

तिसरी गोष्ट मात्र मान्यच करायला हवी. आपण काय पुन्हा पुन्हा सांगतो आहोत, हा प्रश्न साचा विचारत नाही. गोरेपणाचं वेड आणि धुण्यापाशी हरखून उभी असलेली गृहिणी हीदेखील याच सफाईदार पद्धतीने वर्षानुवर्षं छापली गेली. १९८० च्या दशकात अलेक पदमसींच्या लिंटासने सर्फसाठी ललिताजी आणली. साचा तोच होता, धुण्याची पावडर विकणारी गृहिणी. पण कविता चौधरींनी साकारलेली ही बाई भाजीवाल्याशी घासाघीस करत होती, किंमत आणि मोल यांतला फरक सांगत होती. चौकट न मोडता आतलं माणूस बदलता येतं, पण त्यासाठी चौकटीबाहेर बसून कोणीतरी विचार करावा लागतो.

या धंद्यातून जाऊन पुन्हा धंद्यात परतलेली एक चाल आहे. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन बेनेगलांचं, संगीत भाटियांचं, आणि गाणं प्रीती सागर यांच्या आवाजातलं. सगळं चित्रीकरण जाहिरातीपेक्षा कितीतरी मोठ्या पटावर झालं होतं. पुढे त्याच गाण्यावर अमूलची टीव्हीवरची जाहिरात बेतली गेली आणि ते गाणं पुन्हा काही सेकंदांत मावलं.