झाडी कुणाची?

जून २०२२ मध्ये सांगोल्याचे त्या वेळचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघर पोचले. त्यातलं राजकारण आपण सोडून देऊ. ते समजणारी माणसं वेगळी असतात. मला नवल वाटलं ते क्रमाचं. बोलणारा मुंबईकर असता तर त्यानं आधी हाटील म्हटलं असतं. पुणेकर असता तर हाटिलाचं बिल कोण देणार, हे विचारलं असतं. सांगोलकराला पहिल्यांदा दिसली ती झाडी!

यात हसण्यासारखं काही नाही. गुवाहाटीला सांगोल्याच्या तिप्पट तरी पाऊस पडतो. सांगोला म्हणजे माणदेश. माण नदीला पाणी आलं की माणसं ते बघायला पुलावर जातात, ती काय उगाच? इथं लिंब, बाभळ, बोर, हिवर अशी पाण्यावाचून दिवस काढण्याची सवय असलेली झाडंच टिकतात. बाकीच्या जागेत वेडी बाभळ. ही कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, शेळीसुद्धा तिच्या पानाला सहसा तोंड लावत नाही. म्हणून ती जोमात असते. सरकारी योजनेला आदर्श म्हणावं असं हे एकच झाड!

पण सांगोल्याचा खरा लौकिक कागदाचा आहे. १७५० साली इथं झालेला सांगोल्याचा करार शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. त्या करारानं छत्रपती रामराजांच्या हातची सत्ता पेशव्यांकडे गेली. म्हणजे एका कागदानं सातारचा कारभार पुण्याला! ज्या गावात कागदाचा असा प्रताप पाहिला, तिथं झाडंही कागदावर जगवता येतील असं वाटलं तर दोष कुणाला द्यायचा? पण राज्य कागदावर चालतं, झाडाला मात्र पाणी लागतं.

झाडांचे कागदही आपल्याकडे काही कमी जुने नाहीत. या कराराच्या सुमारे पस्तीस वर्षं आधी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. आरमाराला लाकूड हवं, हे त्यात कबूल केलंय. पण आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नका, असं बजावलंय. कारण काय दिलं असेल? पर्यावरण नाही, ओझोन नाही, प्राणवायूही नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार उरत नाही, हे कारण! झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. म्हणजे अमात्यांच्या हिशेबी झाडाला धनी होता आणि त्या धन्याला काळीज होतं.

पुढे इंग्रज आले. त्यांनी रस्त्याच्या दुतर्फा झाडं लावली, त्यांच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढले आणि नंबर घातले. सावली उत्तम पडली. पण झाड सरकारी झालं! आणि सरकारी म्हटलं की आपण त्यावर खिळे ठोकतो.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू सोन्यासारखा. पण ‘महोत्सव’ हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा. महोत्सव म्हटला की मांडव आला, हार आले, भाषण आलं आणि शेवटी विसर्जन आलं. गणपतीला आपण दहा दिवस ठेवतो. रोपट्याचं विसर्जन तिसऱ्या दिवशी एखादी शेळी उरकून टाकते. सांगोल्यात दर रविवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा शेळीला कमी लेखून चालत नाही. पुढल्या जुलैत पाहुणे नवे, रोप नवं. खड्डा मात्र तोच. तेवढीच खोदाईची बचत.

१९७५ हे साल माणसांच्या स्वातंत्र्याला जरा जडच गेलं. त्याच सालचा महाराष्ट्राचा कायदा शहरांतल्या झाडांना मात्र संरक्षण देऊन गेला. वृक्ष प्राधिकरण आलं, वृक्ष अधिकारी आला, दर पाच वर्षांनी झाडांची गणना आली. झाड तोडणं म्हणजे नुसतं कुऱ्हाड घालणं नव्हे. जाळणं, कसलीही इजा करणं हेही तोडण्यातच धरलं. कायदा चांगला आहे. त्यामुळे कितीतरी झाडं वाचली, हे कबूल केलंच पाहिजे. २०२१ मध्ये त्याला जोड मिळाली. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावा, असा हिशेब आला. हिशेब सरळ आहे. फक्त ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या बदल्यात घरात ऐंशी तान्ही मुलं आणून ठेवली, तर गोष्ट कोण सांगणार, एवढाच प्रश्न उरतो.

त्याआधी २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यानं पन्नास कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला होता : आधी चार कोटी, मग तेरा, मग तेहतीस. तेहतीस कोटी हा आकडा आपल्या देवांचा. देव काही मोजून मिळत नाहीत. श्रद्धेनं मानायचे असतात.

मग सांगोलकराला झाडं जगवता येत नाहीत की काय? छे हो! त्याची डाळिंबाची बाग बघा. प्यायला टँकरची वाट बघणारा माणूस बागेसाठी टँकर विकत घेतो. ठिबकच्या नळीतून थेंब-थेंब पाणी मुळाशी सोडतो. आळ्यात पाचट अंथरतो, उन्हानं फळ पोळू नये म्हणून वर जुन्या साड्या पांघरतो. तेल्या रोगाचा एक ठिपका दिसला की त्याला रात्री झोप लागत नाही. जगातला कुठलाही वनस्पतिशास्त्रज्ञ याच्यापुढं हात टेकील. आणि त्याच माणसाच्या दारासमोर, गावातल्या रस्त्याकडेला, लिंबाचं रोप वाळत असतं. तुम्ही विचारा, ‘‘काका, याला एक बादली का नाही घातलीत?’’ तो आश्चर्यानं बघेल. ‘‘त्याला? त्यो सरकारचा हाय की!’’

अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं ते हेच. झाडाला धनी पाहिजे. आपण त्याला अधिकारी दिला.

आता सांगोल्यावरून मिरजेकडे निघा. हा रत्नागिरी-नागपूर महामार्ग. वाटेत मिरज तालुक्यात भोसे गाव लागतं. तिथं सुमारे चारशे वर्षांचा वड होता. २०२० साली तो रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार असं दिसताच वृक्षप्रेमी धावून आले, गावकरी आले, आरडाओरडा झाला, तो मुंबई-दिल्लीपर्यंत पोचला. राज्यातले पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे आणि केंद्रातले रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी लक्ष घातलं आणि रस्त्याची आखणी बदलली. झाड वाचलं! वर्तमानपत्रांत फोटो आले. आणि दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वड आडवा झाला.

त्या वडासाठी भांडले त्यांनी योग्यच केलं. पण झाड म्हणजे जमिनीच्या वर दिसतं तेवढंच, ही आपली समजूत फार घट्ट आहे. मुळं फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात आणि पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. तिथं यंत्र फिरलं, भराव पडला, डांबर आलं की बुंधा शाबूत आणि झाड अधांतरी! गावात आपण हेच फरशा बसवून करतो. दिल्लीत तर बुंध्याभोवतीचं एक मीटर सिमेंट काढा, असं २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला सांगावं लागलं. झाडाला श्वास घेऊ द्या, हे सांगायला न्यायाधीश लागले. डाळिंबवाल्याला हे कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या बागेत एका झाडाच्या आळ्याशी तुमचं यंत्र नेऊन तर बघा!

तेव्हा झाडांच्या गणनेत माझी एक सूचना आहे. जात, उंची, घेर हे रकाने असू द्यात. एक रकाना वाढवा : ‘झाड कुणाचं?’ त्यात ‘नगरपालिकेचं’ असं लिहिलेलं चालणार नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं, शाळेतल्या सहावीच्या वर्गाचं, समोरच्या आजींचं, असं काहीतरी लिहायचं. आणि जिथं रकाना कोरा राहील, तिथं मोजणाऱ्यानं कागद खाली ठेवून आधी एक बादली पाणी घालावं. गणनेला थोडा उशीर होईल. पण पुढच्या खेपेला मोजायला झाड असेल.