पवनेच्या पाण्याचा वाद : धरण, जलवाहिनी आणि हक्कांची लढाई

पिंपरी-चिंचवड ही कारखान्यांची नगरी पवना नदीच्या पाण्यावर वाढली. मावळातील पवना धरणातून पाणी नदीपात्रात सोडले जाते. ते रावेत येथील बंधाऱ्यापाशी उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात आणले जाते आणि तेथून शहरभर पोहोचते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळही याच नदीतून पाणी उचलते. धरण, नदी आणि नळ यांच्यामधल्या या वाटेवरच गेल्या दीड दशकातील परिसरातला सर्वांत तीव्र जनसंघर्ष उभा राहिला.

पवना धरण १९७०च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाले. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा प्रश्न मात्र धरणाबरोबर संपला नाही. एकूण १,२०३ बाधित खातेदारांपैकी ३४० जणांचेच पुनर्वसन झाले. उरलेल्या ८६३ जणांची पुनर्वसनाची मागणी पुढे अनेक दशके चालू राहिली. संपादित करूनही पाण्याखाली न गेलेली जी जमीन शिल्लक आहे, ती आम्हाला द्या, असे धरणग्रस्तांचे म्हणणे आहे. जलवाहिनीविरोधी आंदोलनाची धार समजून घ्यायची, तर ही जुनी थकबाकी आधी लक्षात घ्यावी लागते. शहरात बसून पाहणाऱ्याला हा वाद केवळ एका पाइपचा वाटतो. मावळातील शेतकऱ्याच्या लेखी तो आधीच्या न पाळलेल्या आश्वासनाचा पुढचा अध्याय आहे.

धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर लांबीची बंद जलवाहिनी टाकण्याची योजना महापालिकेने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून हाती घेतली. खर्चाचा अंदाज सुमारे ४०० कोटी रुपयांचा होता. महापालिकेची बाजू सरळ होती. नदीपात्रातून येताना पाण्याची गळती आणि बाष्पीभवन होते, वाटेत सांडपाणी मिसळते आणि बंधाऱ्यातून उचलण्यासाठी वीज लागते. बंद नळातून पाणी उताराने आले, तर हे सारे वाचेल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने या युक्तिवादात खोट काढणे कठीण आहे.

शेतकऱ्यांची हरकत निराळ्या जागी होती. नदीत सोडलेले पाणी वाहताना केवळ वाया जात नाही. ते काठच्या विहिरींना पाझर देते, उपसा सिंचनाच्या पंपांना मिळते, गुरांना आणि गावांच्या पाणी योजनांना पुरते. शहराच्या हिशेबात ज्याला गळती म्हणतात, ते गावाच्या हिशेबात पाणी असते. पाणी एकदा नळात बंदिस्त झाले की नदी उन्हाळ्यात कोरडी पडेल आणि तिच्यावरचा काठच्या गावांचा हक्क कागदावरही उरणार नाही, ही भीती गावोगावच्या बैठकांतून बोलली जाऊ लागली. त्यात जलवाहिनीसाठी जमीन घेण्याचा प्रश्न मिसळला.

९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, हजारो आंदोलक बऊर गावाजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. भाजप, शिवसेना, रिपब्लिकन पक्ष आणि भारतीय किसान संघ या आंदोलनात सहभागी होते. मार्ग रोखला गेला, दगडफेक झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एक महिला आणि दोन पुरुष अशा तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. पोलीस उभ्या वाहनांची मोडतोड करीत असल्याची दृश्ये वृत्तवाहिन्यांवरून घराघरांत पोहोचली आणि विधिमंडळात गदारोळ झाला. सरकारने चौकशी आयोग नेमला. प्रकल्पाचे काम थांबले ते थांबलेच. आंदोलकांवरील खटल्यांचा ससेमिरा मात्र पुढे कित्येक वर्षे सुटला नाही. दर वर्षी ९ ऑगस्टला मावळात या मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते.

तब्बल बारा वर्षे ‘जैसे थे’ राहिलेल्या या प्रकल्पावरील स्थगिती राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये उठवली आणि मावळात पुन्हा विरोधाचे सूर उमटले. मधल्या काळातील राजकीय अदलाबदल उद्बोधक आहे. २०११ मध्ये महापालिकेत आणि राज्यात सत्तेवर असलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसला जलवाहिनी हवी होती, तर मावळात भाजप रस्त्यावर होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये भाजपने १२८ पैकी ७७ जागा जिंकून महापालिका ताब्यात घेतली आणि तहानलेल्या शहराची जबाबदारी त्याच पक्षावर आली. पुढे २०१९ मध्ये मावळची विधानसभेची जागा राष्ट्रवादीकडे गेली आणि तिच्या आमदारालाही जलवाहिनीच्या विरोधातच उभे राहावे लागले. पक्ष बदलले तरी धरणाच्या बाजूचा लोकप्रतिनिधी एक बोलतो आणि नळाच्या बाजूचा दुसरे, हे बदलले नाही.

शहराची तहानही खोटी नाही. २००१ च्या जनगणनेत १० लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली आणि त्यानंतर ती वाढतच राहिली. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या चिखली, मोशी, चऱ्होली या गावांत उंच गृहसंकुले उभी राहिली, पण नळाचे पाणी त्या गतीने पोहोचले नाही. २५ नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. धरण पूर्ण भरलेले असतानाही हा नियम मोडला नाही, कारण अडचण धरणातील साठ्याची कमी आणि उचलण्याच्या, शुद्धीकरणाच्या व वितरणाच्या क्षमतेची अधिक होती. संकुलांतील रहिवासी टँकरवर खर्च करीत राहिले आणि महापालिकेवर हंडा मोर्चे येत राहिले. या मोर्चांत पुढची रांग बहुधा महिलांची असते. पाणी भरण्याचे, साठवण्याचे आणि टँकरची वाट पाहण्याचे काम घरोघरी त्यांच्याच वाट्याला आलेले असल्याने त्यात नवल नाही.

झोपडपट्ट्यांतील पाण्याच्या प्रश्नाला कायद्याची एक निराळी बाजू आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी दिलेल्या निकालात पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. वस्ती बेकायदा असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय. खटला मुंबईचा होता. पण प्रत्येक औद्योगिक शहरातील वस्त्यांना तो आधार देणारा आहे.

पवनेवरील भार हलका करण्यासाठी महापालिकेने आंद्रा धरणातून १०० आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर पाणी रोज आणण्याचे ठरवले. आंद्राचे पाणी इंद्रायणीवरील निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. २०२३ पासून ते शहराच्या काही भागांना मिळू लागले. निघोजे हे चाकणच्या कारखानदारी पट्ट्यातलेच गाव, हे येथे नमूद करायला हवे. भामा आसखेड धरण तर खेड तालुक्यात, चाकणच्या पलीकडे आहे. सिंचनासाठी बांधलेल्या या धरणाचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला देणारी योजना १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. तत्पूर्वी धरणग्रस्तांनी जलवाहिनीचे काम पुन्हापुन्हा बंद पाडले होते. ‘आधी पुनर्वसन, मग पाणी’ ही त्यांची मागणी पवनेच्या काठी ऐकू येते तीच आहे.

ही परंपरा जुनी आहे. पवनेच्या खोऱ्याला लागून असलेल्या मुळशी पेट्यात टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही ओळख त्याच लढ्याने दिली. धरण झालेच, तरीही भूमिपुत्राला न विचारता त्याचे खोरे घेता येते का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात विचारला गेला होता. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि त्यामागे शेतीला स्थान होते. हा क्रम २०११ मध्ये बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. बऊरचा गोळीबारही त्याच वर्षीचा.

निर्णय कोण घेतो, हाही हक्काचाच प्रश्न आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण मिळाल्यावर २०१२ च्या निवडणुकीत १२८ पैकी ६४ जागा महिलांसाठी राखीव झाल्या. पाण्याची तक्रार घेऊन येणारी आणि ती ऐकून घेणारी, दोघीही महिला असण्याची शक्यता वाढली. मात्र मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत, जवळपास चार वर्षे, कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पाण्याचे आणि पाणीपट्टीचे ठराव या काळात चर्चेविना, एका सहीने होत राहिले. त्यावर जितकी ओरड व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

अन्नाच्या हक्काची गोष्ट याहून शांतपणे घडते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून झाली. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ महिलेचे नाव असते. परंतु शहरी भागात यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठरवण्यात आली, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा एकटा कमावता माणूसही किमान वेतन घेऊन ही मर्यादा ओलांडतो. मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा परराज्यातून आलेल्या कामगाराचे नाव बहुधा गावाकडच्या पत्रिकेत असते. ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेने ते धान्य इथल्या दुकानातून उचलण्याची सोय केली. पण त्यासाठी आधार जोडलेले असावे लागते आणि दुकानातील यंत्राने अंगठा ओळखावा लागतो. महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांतील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या अनेकांच्या हातांची रेखाच यंत्रकामाने पुसट झालेली असते.