साडेपस्तीसचे कोडे

अणुभारांचा तक्ता फळ्यावर लिहिला, की वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, मग क्लोरीनच तेवढा ३५.५ कसा?" आपण सांगतो, "त्याला दोन समस्थानिक आहेत म्हणून." उत्तर बरोबर आहे. परंतु या एका वाक्यामागे शंभर वर्षांचा वाद दडलेला आहे, आणि तो मिटवणारे एक उपकरणही. ती हकीकत विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे.

१८१५ मध्ये लंडनमधील विल्यम प्राऊट या डॉक्टरांनी एक निनावी लेख प्रसिद्ध केला. हायड्रोजनचा भार १ धरला, तर इतर मूलद्रव्यांचे भार जवळजवळ पूर्णांकांत येतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. मग सारी मूलद्रव्ये हायड्रोजनचीच बनलेली नसतील कशावरून? कल्पना मोठी मोहक होती. अडचण होती ती क्लोरीनसारख्या हट्टी मूलद्रव्यांची.

या कल्पनेची कसून परीक्षा घेतली बेल्जियमच्या जाँ स्टास यांनी. सुरुवातीला ते स्वतः प्राऊट यांच्याच बाजूचे होते. अत्यंत शुद्ध पदार्थ तयार करून त्यांनी वर्षानुवर्षे काटेकोर वजने केली. क्लोरीनचा अणुभार पुन्हापुन्हा साडेपस्तीसच्या आसपासच येई; तो ३५ ही होईना आणि ३६ ही होईना. अखेर १८६० मध्ये, प्राऊट यांची कल्पना हा निव्वळ भ्रम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

स्टास यांच्या वजनांत चूक नव्हती. चूक होती ती सर्वांनीच गृहीत धरलेल्या एका गोष्टीत. एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्याच भाराचे असतात, असे डाल्टन यांच्या काळापासून मानले जात होते. पण तराजूत एक अणू घालता येत नाही. एकाच वेळी असंख्य अणू तोलले जातात आणि हाती येते ती सरासरी. एखाद्या वर्गातील मुलांचे सरासरी वजन साडेपस्तीस किलो भरले, म्हणून त्या वर्गात साडेपस्तीस किलोचा एक तरी मुलगा असेलच असे नाही. अणूंच्या बाबतीत हे तपासायचे, तर त्यांना भारानुसार वेगळे करणारे साधन हवे होते.

खळ्यावर उफणणी करताना आपण हेच करतो. वाऱ्याच्या झोतात दाणा पायाशी पडतो, भुसा दूर उडतो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी अणूंची अशीच उफणणी केली. विरळ वायूतून विद्युतप्रवाह सोडला, की काही अणूंतून इलेक्ट्रॉन निघून जातात आणि धनप्रभारित आयन तयार होतात. हे आयन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जाऊ दिले, की हलके आयन अधिक वळतात, जड कमी. १९१२ च्या सुमारास निऑन वायूवर प्रयोग करताना छायाचित्रणाच्या काचेवर २० या भाराच्या रेषेजवळ २२ ची एक फिकट रेषाही उमटली. निऑनचा अणुभार तर २०.२. मग हा २२ कोण? नवा वायू, की निऑनचे एखादे संयुग? थॉमसन यांचा निर्णय होईना. त्याच सुमारास, १९१३ मध्ये, फ्रेडरिक सॉडी यांनी किरणोत्सारी मूलद्रव्यांसाठी समस्थानिकांची कल्पना मांडली. पण निऑनसारख्या साध्या, स्थिर मूलद्रव्यालाही ती लागू पडेल का?

हा प्रश्न थॉमसन यांचे साहाय्यक फ्रान्सिस ॲस्टन यांनी सोडला नाही. मध्ये पहिले महायुद्ध आले. युद्ध संपल्यावर ते केंब्रिजला परतले आणि १९१९ मध्ये त्यांनी नवे उपकरण उभे केले. त्यात आयन एका बाजूला विद्युत क्षेत्राने वळत आणि नंतर उलट बाजूला चुंबकीय क्षेत्राने. त्यांचे वेग कमीअधिक असले, तरी सारख्या भाराचे व सारख्या प्रभाराचे आयन काचेवर एकाच जागी येऊन पडत. त्यामुळे रेषा रेखीव उमटू लागल्या आणि हजारात एका भागाइतका फरक ओळखता येऊ लागला. प्रकाशाच्या वर्णपटासारखा हा वस्तुमानांचा वर्णपट होता, म्हणून या उपकरणाला मास स्पेक्ट्रोग्राफ हे नाव मिळाले.

निऑनच्या रेषा आल्या २० आणि २२ वर. क्लोरीनच्या आल्या ३५ आणि ३७ वर. साडेपस्तीसच्या जागी काच कोरीच होती! चार अणूंपैकी सुमारे तीन ३५ चे आणि एक ३७ चा, असा हिशेब करा: (३ × ३५ + ३७) ÷ ४ = ३५.५. स्टास यांचे वजनही खरे आणि प्राऊट यांचे पूर्णांकही खरे! निऑनच्या दहा अणूंपैकी सुमारे नऊ २० चे असतात. २०.२ हे उत्तर विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.

ऑक्सिजन १६ मानून ॲस्टन यांनी एकामागून एक मूलद्रव्ये तपासली. सर्वत्र पूर्णांक मिळाले. अपवाद होता नेमका हायड्रोजनचा. त्याचा भार भरला १.००८. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष करणे सोपे होते. ॲस्टन यांनी तसे केले नाही. हायड्रोजनचे चार अणू म्हणजे ४.०३२, आणि हेलियम मात्र ४. चार हायड्रोजन मिळून एक हेलियम होत असेल, तर उरलेले वस्तुमान जाते कुठे? १९२० मध्ये कार्डिफ येथील भाषणात आर्थर एडिंग्टन यांनी हा धागा उचलला. आइन्स्टाइन यांच्या नियमानुसार त्या वस्तुमानाची ऊर्जा होते, आणि ताऱ्यांच्या तेजाचे मूळ तेथेच असावे, असा तर्क त्यांनी मांडला. आजच्या मोजमापानुसार ही घट हजारात सुमारे सात भाग आहे. सूर्य तेवढ्यावरच तळपतो आहे.

ॲस्टन यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समस्थानिकांच्या भारात फरक का पडतो, हे १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधल्यावर उलगडले. म्हणजे सारे काही हायड्रोजनचेच बनलेले आहे, हे प्राऊट यांचे म्हणणे जसेच्या तसे टिकले नाही. पण त्यांना पूर्णांकांत दिसलेला अर्थ खरा होता. ॲस्टन यांच्या उपकरणाचे वंशज आज औषधांच्या तपासणीपासून खडकांचे वय काढण्यापर्यंत सर्वत्र वापरले जातात. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून चंद्रावर सोडलेल्या आघातकुपीतही त्याच कुळातले एक उपकरण होते.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात कोणी 'साडेपस्तीस का?' असे विचारले, तर उत्तर सांगण्याची घाई करू नये. आधी त्याच वर्गातील मुलांच्या वजनांची सरासरी काढायला सांगावी, आणि मग नेमके तेवढेच वजन असलेला मुलगा शोधायला लावावा.