गिरणी सुटल्यावर

गिरणीत विजेचा दिवा आला आणि कामगाराची संध्याकाळ गेली. १९०५च्या सुमाराची ही गोष्ट. त्याआधी मुंबईच्या गिरण्या सूर्याच्या घड्याळावर चालायच्या. उजाडलं की भोंगा, अंधारलं की सुटका. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, थंडीत जरा लहान. दिव्यांनी ती हद्दच पुसली. काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला.

संध्याकाळ मागणारी माणसं मात्र त्याच्या वीस वर्षं आधीच उभी राहिली होती. १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार सह्यांच्या अर्जातल्या मागण्या आज वाचल्या तर अगदी साध्या वाटतात. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्य मावळला की काम बंद आणि पगार वेळेवर. रविवार मिळायला १८९० उजाडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले होते. तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या काळी जाहीर सभेत, आणि त्याही गिरणीतल्या बायका!

रोजचे तास कमी व्हायला मात्र फार वेळ लागला. पुरुषांचा दिवस १९११च्या कायद्याने बारा तासांवर आला, १९२२च्या कायद्याने अकरावर, १९३४च्या कायद्याने दहावर आणि १९४८च्या कायद्याने नऊवर. ३७ वर्षांत तीन तास. ऑफिसमधून साडेसहाला निघताना आपण चिडतो, तेव्हा हा हिशेब आठवून बघा.

आणि ते तास कसले! सूत तुटू नये म्हणून साचाखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवलेली. शेकडो साच्यांचा खडखडाट इतका, की शेजारच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचं. केसांत, भुवयांत कापसाची पिंजण. वर जॉबरची मर्जी, कारण कामावर घेणारा तोच आणि काढणाराही तोच. बदली कामगाराचं आणखी वाईट. त्याला रोज सकाळी गेटवर उभं राहून आज काम आहे की नाही, ते बघावं लागे.

एवढं करून भोंगा झाल्यावर माणूस घरी जाऊन पडत असेल, असं वाटतं ना? पण पडायला जागा कुठे होती? कोकणातून, साताऱ्याकडून आलेले पुरुष गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिथेच झोपणार. पेटी भिंतीला, वळकटी खुंटीला. म्हणून गिरणगावातलं ‘बाहेर जाणं’ ही चैन नव्हती. बसायला, बोलायला, हसायला जागा मिळायची ती बाहेरच. नाका, तालीम, भजनाची बारी, शक्ती-तुऱ्याचा सामना.

खिशात चार पैसे असले तर तमाशा. ग्रँट रोडजवळ इंग्रजी ‘प्ले हाउस’चं लोकांनी ‘पिला हाऊस’ करून टाकलं होतं. तिथल्या थिएटरांतून पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी गर्दी खेचली. पुढे लालबागचं हनुमान थिएटर तर गिरणीवाल्यांच्या दारातच होतं.

१९२२मध्ये, म्हणजे अकरा तासांचा कायदा झाला त्याच वर्षी, परळला सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल उभा राहिला. तास आणि रंगमंच एकाच वर्षी मिळाले, हा योगायोग मला फार आवडतो. कारण गिरणीवाले तिथे प्रेक्षक म्हणून गेले, तसे नट म्हणूनही गेले. दिवसभर साचे सांभाळणारा माणूस रात्री नऊवारी नेसून नायिका व्हायचा. दिवसा ज्याला कुणी नावाने हाक मारत नव्हतं, त्याच्या वाक्याला शिट्ट्या पडायच्या. ‘विरंगुळा’ हा शब्द मला इथे तोकडा वाटतो. १९४४मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले. त्यामुळे दिवसभर जे गिळलं, ते रात्री डफाच्या तालावर मोठ्याने ऐकू यायला लागलं.

आता या गर्दीत बायका कुठे होत्या, हे विचारायलाच हवं. गंमत बघा, कायद्याने संध्याकाळ सगळ्यात आधी त्यांचीच मोकळी केली होती. १८९१च्या कायद्यात बायकांना अकरा तासांची मर्यादा आली आणि रात्रीच्या कामाला बंदी. पुरुषांना तासांची मर्यादा मिळायला आणखी वीस वर्षं लागली. पण बाईची ती मोकळी वेळ थेट चुलीपुढे गेली. पाणी, दळण, पोरं आणि वर खानावळ. एकटे राहणारे पुरुष महिन्याच्या बोलीवर हिच्याकडेच जेवायचे. ज्यांच्या पाळ्या वेगळ्या, त्यांच्या जेवणाच्या वेळाही वेगळ्या. तमाशाला जाणारा आधी जेवणार, रात्रपाळीवाला डबा नेणार.

किराणा उधारीवर, त्यावर सावकाराचं व्याज आणि जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर. या खानावळवाल्यांची संघटना बांधायला १९७५ साल लागलं. प्रेमा पुरव यांनी तेव्हा अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज बायकांच्या स्वतःच्या नावावर मिळायला लागलं. त्यानंतर सातच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगार थांबला, तशी खानावळीची उधारी वाढली. तरीही संध्याकाळी जेवायला माणसं येत होती आणि चूल पेटवावी लागत होती.