चाचांची दवा

माझे चाचा भवानी पेठेतून माल भरून इंदूरमार्गे राजस्थानपर्यंत ट्रक न्यायचे. जुम्मा शक्यतो चुकवायचे नाहीत आणि दारूला आयुष्यात शिवले नाहीत. याचा त्यांना अभिमान होता, आम्हालाही. खिशातल्या डबीत मात्र अफू असे. घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण तिला कोणी नशा म्हणत नसे. अम्मी म्हणायची, ‘चाचांची दवा’.

ही पळवाट जुनी आहे. १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईआधी बाबरने दारू सोडली, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्यानंतरही तो माजून घेत राहिला, हे त्याच्याच आठवणींत आहे, ते मात्र सांगत नाही. माजून म्हणजे नशेची द्रव्ये घातलेला पाक. वास्तविक त्याच्या दोनशे वर्षे आधी इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी हशीश हराम ठरवली होती. कुरआनात तिचे नाव नाही म्हणून ती चालते, हे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. नशा आणणारी वस्तू प्यायली काय नि खाल्ली काय, हुकूम एकच.

पण बादशहाची मैफल आणि ड्रायव्हरची रात्र एका मापाने मोजता येत नाही. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजा-चरसच्या चौकशीसाठी आयोग नेमला. पुण्याशेजारच्या नगर जिल्ह्यात तेव्हा गांजाचे पीक निघत असे. आयोगाच्या अहवालात जास्त मेहनतीच्या वेळी ही द्रव्ये घेणारे म्हणून पालखीचे भोई, हमाल, टपाल घेऊन धावणारे हरकारे येतात. म्हणजे त्या काळची सगळी वाहतूकच. आयोगाने बंदीची शिफारस केली नाही. परवाने आणि कर यांवर भर दिला. अफूचाही धंदा परवान्यांवर चालत होता. मजुराच्या थकव्यावर सरकारला महसूल मिळत होता, असे मी म्हणतो.

अफू झोप उडवत नाही. ती दुखणे दाबते. कंबर, गुडघे गप्प बसतात आणि माणसाला वाटते, अजून दोनशे किलोमीटर सहज जाईन. काही महिन्यांनी ती ताकद देईनाशी होते. मग फक्त तिच्यावाचून होणारा त्रास टाळायला ती घ्यावी लागते. तेव्हा गोळी घेऊन स्टिअरिंगवर बसणेही धोक्याचे आणि न घेता बसणेही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हीच मर्यादा मालवाहू गाडीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला लावली. चाचांना हे कधी कोणी सांगितले नाही. त्यांना पैसे फेरीवर मिळत, तासांवर नाही. त्यांचा ट्रक भरणाऱ्या हमालांनी बाबा आढावांच्या मागे उभे राहून संघटना बांधली, १९६९ चा माथाडी कायदाही त्यांच्या कामी आला. भरलेला ट्रक घेऊन जाणारा मात्र गावाबाहेर पडला की एकटाच.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर डबी अधिकच आत गेली. त्याच कायद्यात पुढे ६४-अ हे कलम आले. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला ते, थोड्या मालापुरते, खटल्यापासून वाचवते. आमच्या मोहल्ल्यात खटल्याची भीती सर्वांना होती, या कलमाची खबर कोणालाच नव्हती. जुम्म्याच्या खुतब्यात दारू आणि व्याज यांवर मी पुष्कळ ऐकले आहे. अफूवर एकदाही नाही.

अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याला मुक्तांगण सुरू केले. भवानी पेठेतून ते किती लांब? बंड गार्डनचा पूल ओलांडला की आलेच. आम्ही चाचांना तिथे नेले नाही. नेले असते तर ‘दवे’चे खरे नाव घ्यावे लागले असते.

रमजानमध्ये ते सहरीला गोळी घेत आणि रोजा धरत. असरपर्यंत जांभया सुरू होत, नाकाडोळ्यांतून पाणी गळे, पाय ओढल्यासारखे होत. मी लहान, त्यांचे पाय दाबत बसायचो. अम्मी दारातून म्हणायची, ‘रोजा लागलाय त्यांना, बोलू नकोस.’