शेजाऱ्याचें मैलकुंड

घरांतील मैल्याचा निकाल लावणें हें काम घरमालकाचें कीं नगराचें, हा प्रश्न लंडन शहरास फार महाग पडला. इ. स. १६६० च्या ऑक्टोबरांत सॅम्युएल पीप्स हा गृहस्थ आपल्या तळघरांत उतरला, तों त्याचा पाय घाणीच्या राशींत पडला! शेजाऱ्याचें मैलकुंड भरून इकडे वाहिलें होतें. रोजनिशी लिहिण्याची त्याला संवय, म्हणून ही हकीकत आपणांस कळते. रोजनिशी न लिहिणाऱ्यांचीं तळघरें किती असतील कोण जाणे. कुंड उपसण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा, आणि तो होईल तितका पुढें ढकलावयाचा, ही बुद्धि सर्वत्र सारखीच.

१८५४ सालीं या चालढकलीचा हिशेब झाला. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्यानें सुमारें सहाशें माणसें दगावलीं. डॉ. जॉन स्नो यांनीं तेथील पंपाकडे बोट दाखविलें; परंतु पंपाखालची विहीर नासली कशी, याचा माग हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्यानें लावला. चाळीस क्रमांकाच्या घरांत एक तान्हें मूल आजारी होतें. त्याचीं दुपटीं धुतलेलें पाणी आईनें घरापुढील कुंडांत ओतलें. कुंडाच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या आणि विहीर तेथून तीन फुटांच्याही आंत होती. त्या माउलीला दोष कोण देईल? पण त्या विटांची डागडुजी कोणाकडे होती, हें विचारणें प्राप्त आहे.

१८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटांत शिरली, तेव्हां कोठें बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांस द्रव्य मिळालें. अंगणाच्या आंतली, केवळ आपल्या घराची नळी मात्र इंग्लंडांत आजही घरमालकाच्याच माथीं आहे. शेजाऱ्यांच्या सामाइक नळ्या बहुतांशीं पाणीकंपन्यांकडे गेल्या, त्या २०११ सालीं.